भूत परक्या गावचं, गोष्ट कुणाची?

होन्शू बेटाच्या पश्चिमेला, जपानी समुद्राच्या काठी इझुमो नावाचा जुना प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या काही घराण्यांबद्दल अशी बोलवा होती, की त्यांनी कोल्हे पाळलेत. हे कोल्हे कुणाला दिसत नाहीत. पण मालकाचं ज्याच्याशी वाकडं त्याच्या अंगात शिरतात, शेजाऱ्याच्या घरचं उचलून आणतात आणि लेक सासरी निघाली की तिच्या पाठोपाठ जातात. त्यामुळे अशा घरात सोयरीक करायला कुणी धजत नसे आणि त्यांची जमीनही कुणी घेत नसे. डोंगरउतारावरच्या भातखाचरांचं तर विचारूच नका. पाण्यावरून एरवीच मारामाऱ्या. त्यात कोल्ह्यांनी खुन्नस म्हणून बांधाला भोकं पाडली तर? मात्सुए गावच्या एका हुशार गृहस्थानं मात्र ही भीती नीट हेरली. कुणी बोलीच लावेना अशी बरीच जमीन त्यानं घेऊन टाकली आणि पंधराएक वर्षांत तिची किंमत सहापट झाली.

ही हकीकत लिहून ठेवणारा माणूस जपानी नव्हता. लाफ्काडिओ हर्न १८५० साली ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर जन्मला. आई ग्रीक, बाप आयरिश, वाढला डब्लिनमध्ये. शाळेत असताना एक डोळा गेला. पुढे सिनसिनाटीत बातमीदारी केली, न्यू ऑर्लिन्समध्ये क्रिओल म्हणी आणि पाककृती गोळा केल्या, मार्तिनिक बेटावर दोनेक वर्षं काढली आणि १८९० च्या एप्रिलमध्ये तो योकोहामाला उतरला. 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' हे त्याचं पुस्तक १८९४ चं. कोल्ह्यांची हकीकत त्यातलीच. इतर प्रवाशांनी हा विषय 'भोळी प्रजा' म्हणून दोन ओळींत उरकला असता. हर्ननं विचारलं, की या समजुतीमुळे जमिनीचा भाव किती पडतो आणि कुणाची लग्नं अडतात.

परदेशी जाऊन राहिलेल्या आणि तिथल्या देवाभुतांवर लिहिलेल्या लेखकांची यादी लांबलचक आहे. त्यातलं पुष्कळ लेखन आज वाचवत नाही. थोडं मात्र अजून ताजं आहे. हा फरक लेखकाचा भुतांवर विश्वास होता की नव्हता यावरून पडत नाही. विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे, दोन्ही बाजूंना सारखेच वाईट लेखक निघाले. फरक पडतो तो दोन साध्या गोष्टींनी: ती गोष्ट त्याला सांगितली कुणी, आणि त्या भीतीचा भुर्दंड गावात कोण भरतं हे त्याला दिसलं का.

हर्नच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरातच होतं. १८९१ साली मात्सुएत त्याचा संसार सुरू झाला तो सेत्सु कोइझुमी हिच्याबरोबर. ती सामुराई घराण्यातली. पण मेइजी राजवट आल्यावर सामुराईंची वतनं गेली आणि घर पार खाली आलं होतं. हर्नला जुनी जपानी पुस्तकं वाचता येत नसत. सेत्सु जुन्या बाजारातून भुतांच्या गोष्टींची पुस्तकं धुंडाळून आणायची, वाचायची आणि रात्री दिव्याची वात बारीक करून त्याला सांगायची. त्याची एक अट असे: पुस्तक समोर धरायचं नाही, तुझ्या शब्दांत सांग. गोष्ट रंगात आली की त्याच्या चेहऱ्याचा रंग उडायचा, मग तिलाही भीती वाटायची आणि रात्री वाईट स्वप्नं पडायची. दोघांची बोलायची भाषाही स्वतःची होती, विभक्ती-प्रत्ययांना फाटा दिलेली मोडकी जपानी. हे सगळं आपल्याला कळतं ते सेत्सुनं नवऱ्याच्या मागे सांगितलेल्या आठवणींमुळे. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. हर्न आंधळ्या होइचीची गोष्ट लिहीत होता. संध्याकाळ झाली तरी त्याच्या खोलीत दिवा नव्हता. सेत्सुनं शेजारच्या खोलीतून हळूच हाक मारली, 'होइची, होइची'. आतून उत्तर आलं, की मी आंधळा आहे, आपण कोण? या जोडप्याची थट्टाही अशी गोष्टीच्या आत शिरून चालायची.

आता 'क्वायदान' उघडून बघा. हे पुस्तक १९०४ साली, हर्नच्या मृत्यूच्याच वर्षी निघालं. तोवर तो जपानी नागरिक झाला होता, याकुमो कोइझुमी हे नाव त्यानं बायकोच्या घराण्यावरून घेतलं होतं आणि तोक्योच्या विद्यापीठात त्यानं जवळजवळ सात वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. प्रस्तावनेत तो जुन्या पुस्तकांची नावं देतो. बर्फातल्या बाईची गोष्ट मुसाशी प्रांतातल्या एका शेतकऱ्यानं सांगितली, हेही आवर्जून नोंदवतो. सेत्सुचा उल्लेख नाही. यात कपट असेल असं मला वाटत नाही. घरातल्या माणसाचे आभार मानायची रीत नसते, इतकंच ते असावं. पण वाचकाला ते कळायला हवं. १९६४ साली मासाकी कोबायाशींनी या गोष्टींवर सिनेमा केला, त्याला पुढल्या वर्षी कानमध्ये पारितोषिकही मिळालं, आणि जपानी माणसांना आपल्याच गोष्टी हर्नच्या नावानं पुन्हा भेटल्या. सेत्सुला मध्यभागी ठेवून एनएचके या जपानी वाहिनीनं रोजची सकाळची मालिका सुरू केली ती २०२५ साली.

कोल्ह्यांची ती अर्थव्यवस्था संपली असं समजू नका. जपानमध्ये आजही ज्या घरात आत्महत्या किंवा खून झाला त्याला 'जिको बुक्केन' म्हणतात आणि अशा घराचं भाडं उतरतं. दलालानं हे गिऱ्हाइकाला किती काळ सांगायचं, यावर तिथल्या सरकारनं २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षं. तोक्योत नव्यानं गेलेला, स्वस्त खोली शोधणारा परदेशी माणूस जपानी भुताच्या सगळ्यांत जवळ जातो तो इथे, करारनाम्यावर सही करताना.

दक्षिण समुद्रातली कथा थोडी उलटी आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन छातीच्या दुखण्यासाठी उबदार हवा शोधत १८८९ च्या डिसेंबरात सामोआला पोहोचला, वैलिमा इथे त्यानं मोठं घर बांधलं आणि १८९४ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी तिथेच वारला. सामोअन लोक त्याला 'तुसिताला', म्हणजे गोष्टी सांगणारा, म्हणत. त्याची 'द बॉटल इम्प' ही कथा १८९१ ची. एक बाटली, तिच्यात एक सैतान. तो मागाल ते देतो, पण बाटली जवळ असताना मेलात तर नरक पक्का, आणि विकायची तर घेतली त्यापेक्षा कमी किमतीलाच विकली पाहिजे. माणसं हवाईची, बेटं हवाई आणि ताहिती. बाटली मात्र युरोपातली. त्याच नावाच्या एका जुन्या इंग्रजी नाटकावरून कल्पना घेतली, हे स्टीव्हन्सननं स्वतःच कथेच्या माथ्यावर सांगून टाकलंय. त्याच वर्षी मिशनऱ्यांच्या सामोअन मासिकात तिचा अनुवाद आला. कल्पित कथा हा प्रकार तिथे अनोळखी होता. त्यामुळे वाचणाऱ्यांनी सरळ निष्कर्ष काढला: या माणसाकडे एवढा पैसा, एवढं घर आलं कुठून? बाटलीतूनच. वैलिमाला येणारे पाहुणे जरा सलगी झाली की बाटली दाखवा म्हणायचे. आजवर आपण धरून चाललो होतो की गोरा लेखक स्थानिक अंधश्रद्धा उचलून घरी नेतो. इथे तो आपल्याकडची एक तिकडे सोडून आला.

पण स्टीव्हन्सनची खरी करामत 'द बीच ऑफ फालेसा' या दीर्घकथेत आहे. एका बेटावर नवा गोरा व्यापारी येतो, एका स्थानिक मुलीशी लग्न करतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे खोबरं विकायला कुणी फिरकत नाही. मुलीवर बहिष्कार आहे आणि तो ठरवून लावलाय त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं. हा प्रतिस्पर्धीही गोराच. त्यानं रानात झाडांवर वाऱ्यानं वाजणाऱ्या तंतुपेट्या टांगल्यात, अंधारात चमकणारा रंग फासून मुखवटे उभे केलेत आणि गावाला पटवलंय, की रानातली भुतं त्याच्या शब्दात आहेत. सगळा खटाटोप खोबऱ्याच्या मक्तेदारीसाठी. अंधश्रद्धा ही 'त्यांची' मागास गोष्ट, या समजाला १८९२ साली इतका सणसणीत टोला दुसऱ्या कुठल्या इंग्रजी लेखकानं दिल्याचं मला आठवत नाही.

हैतीकडे वळलं की हाच प्रश्न जास्त बोचरा होतो. १९१५ ते १९३४ हा देश अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. त्याच काळात विल्यम सीब्रुक हा अमेरिकी प्रवासी तिथे राहिला. १९२९ साली त्याचं 'द मॅजिक आयलंड' आलं आणि १९३२ मध्ये 'व्हाइट झॉम्बी' हा सिनेमा. झॉम्बी हॉलिवूडच्या हाती लागला तो असा. आज आपल्या पोरांना मोबाइलवरच्या खेळात जे सडके, चावरे झॉम्बी भेटतात त्यांचा हैतीशी फारसा संबंध उरलेला नाही. हैतीच्या माणसाला झॉम्बी चावेल याची भीती नव्हती. आपण मेल्यावर आपला झॉम्बी होईल याची होती. मेल्यावरही कुणीतरी उठवणार आणि पुन्हा उसाच्या शेतात, पगाराशिवाय, विचारशक्तीशिवाय राबवणार. ज्यांचे पणजे-खापरपणजे गुलाम म्हणून जहाजातून आणले गेले, त्यांच्या वंशजांनी याहून भयंकर काय कल्पावं! सीब्रुकनं झॉम्बी दाखवले तेही उसाच्या मळ्यातच, साखर कंपनीसाठी राबताना. म्हणजे धागा त्याच्या हातात होता. पुढच्या सिनेमावाल्यांना भीती तेवढी हवी होती. ऊस त्यांनी सोडून दिला.

झोरा नील हर्स्टन हैतीला पोहोचली १९३६ मध्ये, गुगनहाइम शिष्यवृत्तीवर. ती अमेरिकी, पण काळी. मानववंशशास्त्र शिकलेली, आणि त्याआधी स्वतःच्या फ्लोरिडातल्या गावच्या लोककथा गोळा केलेली. 'टेल माय हॉर्स' (१९३८) हे तिचं हैती-जमैकावरचं पुस्तक उत्साहानं भरलंय आणि जागोजागी घसरलंय. दवाखान्यातल्या एका बाईचा तिनं फोटो काढला, ही झॉम्बी म्हणून. लुई मार्स या हैतीच्याच मानसोपचारतज्ज्ञानं नंतर दाखवून दिलं, की ती दुसरीच कुणी मनोरुग्ण बाई होती. म्हणजे हर्स्टनलाही चकवा लागला. गंमत अशी, की हैतीत राहून तिनं सात आठवड्यांत जी कादंबरी लिहिली त्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड'मध्ये हैती नाहीच. ती फ्लोरिडाच्या माणसांची गोष्ट आहे. परक्या देशात राहून दरवेळी परक्या देशाबद्दलच लिहिता येतं असं नाही. कधीकधी तिथल्या देवळाच्या दारात बसून आपल्या गावची भाषा स्पष्ट ऐकू येते. माझ्या मते हर्स्टनच्या हैतीवासाचं खरं फळ ही कादंबरी.

आपल्याकडचा इतिहासही हाताशी आहे, फक्त आपण तो या नजरेनं वाचत नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८६५ च्या अखेरीस दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा छावणीत त्यांची मुलगी मेरी होती आणि मेरीची आया ॲना लिबराता डी सूझा होती. लांबलचक मजला, करमणूक काही नाही; आयाला आजीकडून ऐकलेल्या गोष्टी येत होत्या. त्यातून 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक १८६८ साली लंडनला छापून आलं. मेरी फ्रिअरनं इथे असं काही केलं जे हर्ननंही केलं नाही. पुस्तकात तिनं ॲनाला तिची स्वतःची कहाणी सांगायला जागा दिली: मूळचं लिंगायत घराणं, गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेले आजोबा, त्यांची फौजेतली हवालदारकी, पुढे वैधव्य आणि साहेबांच्या घरची चाकरी. जादूगाराचा जीव पोपटात लपवलेला असतो ही आपल्या आजीची गोष्ट याच पुस्तकातून जेम्स फ्रेझरच्या 'द गोल्डन बाउ'मध्ये गेली आणि 'देहाबाहेर ठेवलेला आत्मा' या चर्चेला तोंड फुटलं ते तिच्यापासून. मुखपृष्ठावर नाव मेरीचंच आहे, हेही खरं.

दुसरं उदाहरण रक्तानं माखलेलं आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता आणि मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करत होता. २१ डिसेंबर १९०९ ला, बदली झाल्यावर निरोपासाठी ठेवलेला 'शारदा' नाटकाचा प्रयोग बघायला तो आला आणि अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. त्यानं जमवलेली सामग्री एन्थोवेन या दुसऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं पुढे संपादित केली. कोकणचा खंड १९१५ चा. वेताळ, समंध, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण अशी सगळी मंडळी त्यात ओळीनं आहेत. माहिती आली ती प्रश्नावल्या पाठवून, गावोगावच्या मास्तरांकडून. तळटीपांत मास्तरांची नावं नाहीत, फक्त 'शाळामास्तर' आणि गाव. सरकारी फर्मान आल्यावर मास्तर काय लिहिणार? नीटनेटकं, क्रमवार, आणि स्वतः यातलं काही मानत नसल्याच्या आविर्भावात. कोश म्हणून ते सोनं आहे. गोष्ट म्हणून त्यात जीव नाही, कारण दिव्याची वात बारीक करून सांगणारं त्यात कुणी नाही.

या दोन टोकांच्या मधला माणूस म्हणजे व्हेरिअर एल्विन. १९२७ साली तो मिशनरी म्हणून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, १९३२ पासून मंडला भागात गोंडांमध्ये राहिला आणि १९५४ मध्ये भारताचा नागरिक झाला. त्याच्याबरोबर राहिलेला, शाळा-दवाखाना चालवणारा आणि गाणी टिपून घेणारा सोबती होता शामराव हिवाळे, मराठी माणूस. 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' (१९३५) वर दोघांची नावं आहेत. परधान जमातीवरचं १९४६ चं पुस्तक तर हिवाळेंचं एकट्याचं. मराठीत हिवाळेंची आठवण फारशी कुणी काढत नाही, हे आपलं नेहमीचंच. एल्विननं चेटकावर कादंबरीही लिहिली, 'अ क्लाउड दॅट्स ड्रॅगनिश' (१९३८). गावावर संकटं येतात आणि संशयाची सुई कुणा एका बाईकडे वळते, हा तिचा गाभा; म्हणजे भीतीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं हे त्याला नक्की कळत होतं. त्याची गोंड बायको कोसी, जिच्यामुळे त्याला त्या जगात घरचा माणूस म्हणून प्रवेश मिळाला, तिला त्यानं १९४९ मध्ये घटस्फोट दिला आणि तिचं पुढचं आयुष्य हलाखीत गेलं. एल्विनची पुस्तकं मी आदरानं वाचतो. कोसीची हकीकत वजा करून मात्र वाचता येत नाहीत.

टँजियरला १९४७ पासून मरेपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून जास्त राहिलेल्या पॉल बोल्स या अमेरिकी लेखकानं यातून एक वेगळी वाट काढली. मोहम्मद म्राबेतसारखे लिहिता न येणारे मोरोक्कन कथेकरी तिथल्या बोलीत गोष्टी सांगत; बोल्स त्या टेपवर घेई आणि इंग्रजीत आणी. पुस्तकावर लेखक म्हणून नाव म्राबेतचं, अनुवादक म्हणून बोल्सचं. मानधनावरून आणि कुणी कुणाला किती घडवलं यावरून त्या वर्तुळात पुढे कटुताही आली. तरी निदान भांडता येईल असा कागद तिथे होता.

मराठी वाचक या सगळ्याकडे बघताना एक आक्षेप घेणार, आणि तो रास्त आहे: भुताखेतांचं साहित्य करायचं म्हणजे त्यांना खतपाणीच घालायचं ना? ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात भर सकाळी खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. मला यातली सीमा अशी दिसते. त्या कायद्याच्या अनुसूचीत भानामती आहे. पण भानामतीच्या नावाखाली कुणाला छळलं जातं, कोण कमावतं, हाच त्याचा रोख आहे. 'फालेसा' नेमकं तेच सांगते. गोष्टीत भूत असणं हा गुन्हा नव्हे. भूत दाखवून भगताची फी झाकणं, ही लबाडी. परक्या देशात गेलेल्या लेखकाला हा मोह जास्त पडतो, कारण फी त्याला भरावी लागत नाही. मेक्सिकोतला मृतांचा सण, हैतीतला व्हूडू, बालीतली मुखवटा-नृत्यं: झेंडूची फुलं, कवट्या, ढोल. पंधरा दिवसांत परतणाऱ्याला एवढंच दिसणार, आणि आपली बरीचशी प्रवासवर्णनं पंधरा दिवसांचीच असतात.

मराठीत अपवाद आहेत, थोडे. दिलीप चित्रे १९६० च्या सुमारास इथिओपियात शिक्षक म्हणून तीनेक वर्षं राहिले आणि 'शिबाराणीच्या शोधात' हे त्यांचं पुस्तक त्यातून आलं. त्या देशाच्या राजघराण्याची सारी मिरास ज्या दंतकथेवर उभी होती ती थेट शीर्षकातच आहे. उलट दिशेचा व्यवहार मात्र आपण जोरात केला. नारायण धारपांनी पुण्यात बसून स्टीफन किंगच्या मेन राज्यातली पिशाच्चं मराठी गावात नांदवली. 'लुचाई' वाचून घाबरलेल्या पिढीला ती परदेशी आहेत याचा पत्ताही नव्हता. परदेशात राहणारा मराठी लेखक मात्र बहुतेक वेळा आईचा गणपती, दिवाळीचा फराळ आणि परतीचं विमान यांच्यातच घुटमळतो. तिथल्या शेजाऱ्याला कशाची भीती वाटते, हे त्याच्या कथेत येत नाही.

एक उदाहरण देतो. मस्कतपासून गाडीनं दोन-अडीच तासांवर बहला नावाचं गाव आहे, ओमानमध्ये. तिथला मातीचा किल्ला १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तिथली मडकी प्रसिद्ध आहेत आणि साऱ्या ओमानमध्ये ते गाव ओळखलं जातं जिन्न आणि जादूटोण्यासाठी. मस्कतमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या करताहेत, सुटीच्या दिवशी किल्ला बघून येतात, फोटो टाकतात. जिन्नांमुळे बहल्यात कुणाचं लग्न अडलं, कुणाचं घर विकलं गेलं नाही, कुठल्या कुंभाराचं गिऱ्हाईक तुटलं, हे मराठीत लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. त्यासाठी किल्ला बघणं पुरत नाही. मराठी मंडळाच्या बाहेरचा, रात्री घरी बोलावून जेवू घालणारा एखादा ओमानी स्नेही लागतो, आणि इतक्या वर्षांनंतरही तो बहुतेकांना नसतो.